मेहेरचा रकाना

अब्बांचा जनाजा अंगणात ठेवला होता. असरची नमाज जवळ आली होती, बाहेर पुरुषमंडळींची घाई चालली होती. तेवढ्यात माझी थोरली फुफी आत आली, अम्मीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “भाभी, मेहेर माफ करो. मय्यत का बोझ हल्का होंगा.”

अम्मीला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. फुफीने पुन्हा म्हटलं. मग शेजारच्या दोघी-तिघी पुढे सरकल्या, कुणीतरी अम्मीचा हात धरला. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती मराठीत म्हणाली, “केलं माफ.” घरात दखनी बोलणारी बाई त्या क्षणी मराठीत का बोलली, हे मला आजही उमगलेलं नाही. बाहेर निरोप गेला, जनाजा उचलला.

ही १९९७ सालची गोष्ट. माफ केलेली रक्कम किती होती ते मला दोन महिन्यांनी कळलं. अम्मीच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी तिचा निकाहनामा होता. साल १९५६, उर्दूत लिहिलेला, शाई तपकिरी पडलेली. मेहेरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, रकान्यात आकडा होता: १२७ रुपये ८ आणे.

माझे अब्बा मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक. किराणा दुकानातली उधारी महिना संपायच्या आत मिटवणारा माणूस. सोसायटीचं कर्ज त्यांनी मुदतीआधी फेडलं होतं. एका मित्राकडून घेतलेले पन्नास रुपये तो मित्र वारल्यावर त्याच्या मुलाला नेऊन दिले होते. असा माणूस एकेचाळीस वर्षं बायकोचं १२७ रुपये ८ आण्यांचं देणं ठेवून गेला, कारण ते देणं आहे हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. कुणाच्याच नसतं.

फुफीवर मी तेव्हा चिडले होते. नंतर वाचायला लागल्यावर राग थोडा उतरला. मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, यावर सगळे मजहब, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंथ, एकमत आहेत. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जं, त्यानंतर मृत्युपत्र, तेही फार तर एक तृतीयांशापुरतं, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. मेहेर कर्जांच्या रांगेत, म्हणजे मुलग्यांच्या वाट्याच्याही आधी. कर्ज डोक्यावर घेऊन माणसाने जाऊ नये, ही भीती खरी आहे आणि फुफीची तळमळही खरी होती. फक्त त्या भीतीवर उपाय म्हणून पैसे द्यायचं कुणाला सुचलं नाही. विधवेच्या तोंडून एक शब्द काढून घ्यायचं सुचलं. कुराणातल्या सूरह निसामध्ये बायकांना त्यांचं मेहेर खुशीने द्या असं सांगितलं आहे, आणि त्यांनी आपल्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तरच ते तुम्हाला हलाल, असंही. समोर नवऱ्याची मय्यत ठेवलेल्या बाईच्या मर्जीचं मोजमाप कसं करायचं, हे मला कुठल्याच किताबात सापडलं नाही.

आता या आकड्याकडे बघा. १९५६ साली सोन्याचा तोळा शंभर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे अम्मीचं मेहेर सव्वा तोळ्याचं. अगदीच थट्टेचं नव्हतं ते. रकान्यात ‘सव्वा तोळा सोनं’ असं लिहिलं असतं, तर आज तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडलेला असताना त्याला काही अर्थ उरला असता. रुपयांत लिहिलं, आणि १९९७ पर्यंत त्यात एक बरी साडीही आली नसती. फसवणूक कुणी केली नाही. महागाईने केली, आणि नगद-उधारीच्या एका शब्दाने. मेहेर दोन तऱ्हेचं असतं. मुअज्जल म्हणजे मागताक्षणी द्यायचं, आणि दुसरं लांबणीवरचं, तलाक किंवा मृत्यूपर्यंत ढकललेलं. उर्दूत दोन्हींसाठीचे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात, फरक फक्त ऐन आणि हमजा या अक्षरांचा. अम्मीच्या कागदावर दुसरा होता.

मराठी वाचकाला लग्न म्हटलं की संस्कार आठवतो: सप्तपदी, होम, अंतरपाट. निकाह हा करार आहे. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, साक्षीदार, आणि मेहेर. वधूच्या वतीने वकील आणि दोन गवाह आत जाऊन तिला नाव, गाव, मेहेर सांगून विचारतात, ती ‘कबूल’ म्हणते, मग बाहेर मंडपात काझी नवऱ्याला विचारतो. पंधरा मिनिटांचं काम. आपल्याकडच्या बहुसंख्य हनफींच्या मते मेहेर किमान दहा दिरहम हवं, म्हणजे साधारण तीस ग्रॅम चांदी. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्यात खालची मर्यादाच नाही. वरची मर्यादा कुठेच नाही. दुसरे खलिफा उमर यांनी मेहेरला कमाल मर्यादा घालायचं ठरवलं, तेव्हा एका बाईने भर मशिदीत उठून कुराणातला आधार दाखवला आणि त्यांनी आपला शब्द मागे घेतला, अशी गोष्ट परंपरेत सांगितली जाते. वाझमध्ये, म्हणजे मौलवींच्या प्रवचनात, ती मी अनेकदा ऐकली आहे. ऐकून सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी निकाहाला जाऊन ७८६ रुपये मेहेर लिहून येतात.

हा ७८६चा आकडा मला मिरजेच्या एका काझीसाहेबांच्या रजिस्टरात दिसला. गेल्या लग्नसराईत मी सांगली-मिरज भागात सात-आठ निकाहांना मुद्दाम जाऊन बसले. बोलावणं असो-नसो, माझ्या वयाच्या बाईला मांडवात कुणी अडवत नाही. काझीसाहेब सत्तरीचे, पांढरी दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज मऊ. रजिस्टर दाखवायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत; नावांवर हात ठेवून मेहेरचा रकानाच तेवढा वाचू दिला. ७८६, ११००, ५१००, मधूनच एखादं ‘मेहेर-ए-फातिमी’, म्हणजे पैगंबरांच्या लेकीचं मेहेर म्हणून मानलेले पाचशे दिरहम, सुमारे दीड किलो चांदी.

“बरकतीचा आकडा म्हणून ७८६ लिहितात,” ते म्हणाले. “मी सांगतो, अहो, बरकत देण्यात असते.”

“मग तुम्ही बदलायला लावत का नाही?”

“बाई, फ्रीज किती लिटरचा यावर दोन्ही घरांच्या दोन-दोन बैठका होतात. मेहेर मला मांडवात विचारतात, नवरा घोड्यावरून उतरल्यावर. ‘काझीसाब, सबका जो चलता वो लिखो.’ बाहेर देग उतरलेली असते. तेव्हा मी काय बदलणार?”

जहेज देणारी मुलीची बाजू आणि मेहेर देणारी मुलाची. शरियतने पैशाची वाट मुलीकडे वळवली होती, आपण ती उलटी फिरवली. शेजारच्या हिंदू घरांत हुंडा चालतो म्हणून आपल्यातही शिरला, असं आमच्याकडे हमखास सांगतात. असेल. पण चांगलं ते शेजाऱ्याकडून घ्यायला एवढी तत्परता दाखवल्याचं आठवत नाही.

निकाहनाम्यात मेहेरच्या खाली बहुतेक छापील नमुन्यांत आणखी एक जागा असते, शर्तींची. काझीसाहेबांच्या रजिस्टरात ती पानोपानी कोरी होती. एका निकाहात मी वधूच्या मामांना विचारलं, इथे काही लिहायचं नाही का? ते हसले. “निकाह है बाजी, दुकान का भाडेकरार थोडीच है.”

मामांना सुरत दाखवायला हवी होती.

सतराव्या शतकातल्या सुरतेची काही फारसी कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अलीगढच्या इतिहासकार शिरीन मूसवी यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांत निकाहनामे आहेत, नबाब-उमरावांचे नव्हे तर साध्या माणसांचे. आणि त्यांत अटी आहेत, त्या काळी इतक्या नेहमीच्या की त्यांना ‘मशहूर’ चार अटी म्हणत. ही बायको असताना नवरा दुसरं लग्न करणार नाही. तिला मारहाण करणार नाही. तिच्या पोटापाण्याची सोय न करता तिला सोडून लांब जाणार नाही. दासी ठेवणार नाही. मराठी माणसाला सुरत ठाऊक आहे ती १६६४ च्या जानेवारीतली, शिवाजी महाराजांनी लुटली ती. त्याच शहराच्या गल्ल्यांत, त्याच पिढीत, मुलीच्या बापाने काझीपुढे बसून ‘मारणार नाही’ हे जावयाकडून लिहून घेतलं होतं. कुणाला ते भाडेकरारासारखं वाटलं नाही. बंदराचं गाव, नवरे जहाजावर, सहा-सहा महिने परत न येणारे. गरज होती, लिहिलं.

मग हे गेलं कुठे? नेमकं कसं पुसलं गेलं याचं एका वाक्यात उत्तर नाही, पण इंग्रजी अमलात कायदा हा कोर्टाचा आणि वकिलाचा विषय झाला, हे त्यातलं एक कारण मला दिसतं. मेहेरचा दावा मात्र कोर्टात टिकला. सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८८६ साली अलाहाबादला अब्दुल कादिर विरुद्ध सलिमा या खटल्यात स्पष्ट केलं की, निकाहाच्या वेळी मेहेर ठरलंच नसलं तरी कायदा ते बाईला देतो. प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये, विधवेच्या ताब्यात नवऱ्याची मिळकत रीतसर आलेली असेल तर मेहेर चुकतं होईपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा तिचा हक्क मान्य केला. उत्तरेत तर उलटा आजार होता. अवधमध्ये इभ्रतीसाठी लाखांची मेहेरं लिहीत, जी फेडणं सात पिढ्यांना जमू नये. शेवटी १८७६ च्या अवध कायद्यात कोर्टाला ती रक्कम ऐपतीप्रमाणे कमी करण्याचा अधिकार द्यावा लागला. तिथे आकडा इतका मोठा की देणं अशक्य, आमच्याकडे इतका लहान की मागणं लाजिरवाणं. हातात दोन्हीकडे काही नाही.

शरियत बाईच्या विरुद्ध आणि सुधारणा तिच्या बाजूने, असं सरळ गणित मराठी वाचनात सहसा मांडलं जातं. त्याविरुद्ध मुंबईचाच एक दाखला द्यायला हवा. १८४७ साली खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या मिळकतीत वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की, या जमातींत मुलीला वाटा न देण्याचा रिवाज आहे आणि रिवाज मोठा. मुली हरल्या. पुढे १९३७ चा शरियत कायदा आला तो असले रिवाज बाजूला सारायला, आणि त्यातही शेतजमीन वगळली गेली. दोनच वर्षांनी आला मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. हनफी मतात छळणाऱ्या किंवा परागंदा झालेल्या नवऱ्यापासून सुटायला बाईला वाट जवळजवळ नव्हती, म्हणून पंजाबात बायका निकाह मोडावा यासाठी धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कर्मठ देवबंदी आलिमाने मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली आणि त्यातून १९३९ चा कायदा झाला. म्हणजे गरज पडली की शेजारच्या मजहबाचं मत उसनं घेता येतं, हे उलेमांनीच करून दाखवलं आहे. आज त्यांच्यातले काहीजण शरियतचा एक काना-मात्रा बदलता येत नाही म्हणतात, तेव्हा मला थानवीसाहेब आठवतात.

शाहबानोचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात मेहेर कुठे होतं ते फारसं कुणी सांगत नाही. इंदूरच्या या बाईचं लग्न १९३२ चं. १९७५ मध्ये नवऱ्याने घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये तिने पोटगी मागितल्यावर तलाक दिला. नवरा वकील. त्याने कोर्टात तीन हजार रुपये मेहेर भरलं आणि म्हणाला, झाली माझी जबाबदारी. त्याचा सगळा बचाव फौजदारी प्रक्रिया संहितेच्या एका कलमावर उभा होता: जमातीच्या कायद्यानुसार तलाकच्या वेळी द्यायची रक्कम दिली असेल तर पोटगी रद्द होते. मेहेर ही ती रक्कम आहे का, हा कळीचा प्रश्न. २३ एप्रिल १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: मेहेर हे लग्नामुळे आणि बायकोच्या सन्मानापोटी द्यायचं असतं, बायकोला सोडताना कुणी सन्मान म्हणून पैसे देत नाही. कोर्टाने मेहेरचा अर्थ नवऱ्यापेक्षा नीट वाचला होता. पुढचं राजकारण, १९८६ चा कायदा, खुद्द शाहबानोने निकाल नाकारणं, हे सगळं पुन्हा सांगत बसत नाही. एवढंच नोंदवते की त्या कायद्यातही ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ आणि मेहेर हे दोन वेगळे हक्क म्हणून लिहिले गेले, आणि त्या तरतुदीत पुढच्या आयुष्याचीही सोय येते हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सांगितलं. दानियल लतिफी हे शाहबानोचे वकील.

आमच्या महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडलं हमीद दलवाईंनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात बायका घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. सात. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० ला, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. बहिणीला तलाक मिळाला म्हणून या कामात आलेले सय्यदभाई पुढची पन्नास वर्षं ते करत राहिले. मिरजोळीच्या दलवाईंना माझा हा निकाहनाम्याचा नाद पटला नसता. त्यांना सर्वांसाठी एकच, धर्माबाहेरचा कायदा हवा होता, आणि करारातल्या फटी शोधत बसणं त्यांना बहुधा वेळेचा अपव्यय वाटला असता. दुसरीकडे मुंबईतच असगर अली इंजिनिअर आयुष्यभर कुराणाच्याच आधारे स्त्रीची बाजू मांडत राहिले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने त्याच वाटेने जात स्वतःचा नमुना निकाहनामा केला आणि त्यात किमान मेहेर म्हणून नवऱ्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नाएवढी रक्कम सुचवली, तीही निकाहाच्या वेळीच द्यायची. बायकांना काझीपणाचं शिक्षणही दिलं. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये भोपाळला आपला नमुना काढला. तो उपदेशाने भरलेला आहे, हक्कांच्या बाबतीत हात आखडता.

मी दलवाईंची पुस्तकं वाचून वाढले आणि माझं मत त्यांच्यापासून थोडं सरकलं आहे. कायदा व्हायचा तेव्हा होवो. २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आली. खरं तर समेटाचे प्रयत्न न करता दिलेला तलाक टिकत नाही, हे औरंगाबादच्या खंडपीठाने दगडू पठाण खटल्यात आणि मग सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात २००२ सालीच सांगून टाकलं होतं. मधली पंधरा वर्षं आमच्या वस्त्यांत ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून नवरे तलाक देत राहिले आणि बायका घेत राहिल्या. निकाल दिल्लीत पडतात. निकाहनामा मांडवात भरला जातो, आणि तिथे दुरुस्तीला लोकसभा लागत नाही.

सांगलीत एक तरुण वकील मुलगी भेटली. तिने स्वतःच्या निकाहनाम्यात मेहेर म्हणून पाच तोळे सोनं लिहून घेतलं, त्यातले दोन मांडवातच हातात. शर्तींच्या जागेत तिने चार ओळी लिहिल्या: वकिली चालू राहील, दुसरा निकाह होणार नाही, घराचं भाडं दोघं भरतील, आणि पहिल्या दोन अटी मोडल्या तर तलाकचा अधिकार तिच्याकडे. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. नवरा आपला अधिकार बायकोला सोपवतो. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, तो जुना आहे, आपल्या कोर्टांनी मानलेला आहे.

“सासरचे काय म्हणाले?”

“सासूबाईंनी दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदेचा निकाहनामा घेऊन आल्या. म्हणाल्या, याच्यात काही करता येतं का आता?”

करता येतं. निकाहानंतरही दोघांच्या संमतीने अट लिहिता येते, मेहेर वाढवता येतं. नणंदेचं पुढे काय झालं ते मी विचारलं, तिने विषय बदलला.

छापील रकाना असला म्हणजे काम झालं असंही नाही. पाकिस्तानात १९६१ च्या कायद्याने सरकारी निकाहनामा आणला. त्यातला अठरावा रकाना थेट विचारतो, नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का? अनेक निकाहांत निबंधक तो रकाना मुलीला दाखवायच्या आधीच तिरकी रेघ मारून टाकतात. इराणात मेहेर सोन्याच्या नाण्यांत लिहितात, शेकड्यांनी. न देणारे नवरे तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा ११० नाण्यांच्या वर तुरुंग नाही असा कायदा करावा लागला. कागदाला किंमत येते ती तो वाचणारं कुणीतरी मुलीच्या बाजूला बसलेलं असलं तर.

अम्मी २०११ मध्ये गेली. शेवटच्या वर्षात मी तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा माफ का केलंस? ती म्हणाली, “नहीं बोलती तो उठाते नहीं थे.” मग थोड्या वेळाने, पान लावता लावता, “एक सौ सत्ताईस रुपये आठ आने. देते तो मैं उसमेंसे तेरेकू बाली करती.” तिला आकडा आण्यांसकट पाठ होता.

या मोसमात ज्यांच्या घरी निकाह आहे त्यांना एवढंच सांगणं: मांडवाच्या दिवसाची वाट पाहू नका. कोरा निकाहनामा आठवडाभर आधी काझीसाहेबांकडून मागून आणा आणि मुलीला वाचायला द्या. उर्दू येत नसेल तर कुणाकडून तरी मराठीत सांगून घ्या. मेहेर सोन्यात किंवा चांदीत लिहा, किती नगद आणि किती उधार ते अक्षरी लिहा, आणि शर्तींच्या जागेवर रेघ मारू देऊ नका. कोरा नमुना मागायला मिरजेत तरी पैसे पडत नाहीत.